एका सिलिंडरची मोटारसायकल : निवड, खरेदी आणि सांभाळ

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे जुन्या धाटणीच्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलींविषयी असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. वाचकांची नावे न देता केवळ राहण्याचे ठिकाण दिले आहे, कारण मुंबई परिसरात कोणती गाडी घ्यावी आणि ती कशी सांभाळावी, हे बरेचसे त्या ठिकाणावरूनच ठरते.

प्रश्न : मी गिरगावात चाळीत राहतो. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. रोज लोअर परळला कामाला जातो आणि महिन्यातून एकदा माळशेजमार्गे गावी, जुन्नरला जातो. आजवर शंभर सीसीची गाडी चालवली. आता रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्यावी अशी फार इच्छा आहे. मित्र म्हणतात, ती गाडी मुंबईत झेपणार नाही आणि तेवढ्याच पैशांत तिच्याहून वेगवान गाड्या मिळतात. आपला सल्ला काय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या मित्रांचे वेगाविषयीचे म्हणणे खरे असले तरी ते आपल्या रस्त्याला लागू पडत नाही. सागरी किनारा मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, जे. जे. उड्डाणपूल, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे सगळे दुचाकींना बंद आहेत. म्हणजे लोअर परळला आपण ताडदेव किंवा सात रस्त्यावरून जाणार आणि जुन्नरला निघताना जे. जे. पुलाच्या खालून, भायखळा-दादर-शीव करत पूर्व द्रुतगती महामार्गाला लागणार. या वाटेवर शंभरचा वेग देणारे इंजिन बसून राहते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वीस-पंचवीसच्या वेगाने, गचके न देता ओढणारे इंजिन कामाला येते.

मोठ्या एका सिलिंडरचे बलस्थान नेमके येथेच आहे. क्लासिक ३५० च्या ३४९ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर आहे; धाव व्यासापेक्षा लांब असली की इंजिन जोरात फिरण्यापेक्षा हळू फिरताना अधिक नेटाने ओढते. म्हणूनच या इंजिनाची अश्वशक्ती जेमतेम वीस असूनही २७ न्यूटन मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, मिनिटाला चार हजार फेऱ्यांनाच मिळतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ठिणगी एकदाच पडत असल्यामुळे प्रत्येक ठोका कानाला वेगळा ऐकू येतो. आपल्या आजोबांच्या पिढीने या वाहनाला फटफटी म्हटले, ते या ठोक्यांवरूनच. पूर्वी या ठोक्यांबरोबर हातापायांना मुंग्या आणणारी थरथरही येत असे. २०२० साली याच कंपनीच्या मीटिऑर या गाडीबरोबर आणि २०२१ साली क्लासिकमध्ये आलेल्या नव्या इंजिनात तोल साधणारा बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे ती आता पुष्कळच कमी झाली आहे.

मित्रांनी वेगाऐवजी वजनाचा मुद्दा काढला असता, तर मी त्यांच्या बाजूने झालो असतो. आपण आजवर चालवलेली गाडी एकशे दहा-बारा किलोंची असेल. क्लासिक १९५ किलोंची आहे. धावताना हे वजन जाणवत नाही, उलट माळशेजच्या वाऱ्यात ते आधारच देते. पण रात्री साडेनऊला चाळीच्या बोळात दोन स्कूटरींच्या मधून गाडी मागे ओढायची असते, ओल्या फरशीवर पाय सरकत असतो आणि मदतीला कोणी नसते, तेव्हा प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून शोरूममध्ये गेल्यावर चालवून पाहण्याआधी एक गोष्ट करा. गाडी बंद ठेवून ती दहा पावले पुढे ढकला, मागे ओढा, वळवा आणि स्वतः डबल स्टँडवर घ्या. हे सगळे एकट्याने, धाप न लागता जमले तर क्लासिक आपली आहे, आणि मित्र काहीही म्हणोत, ती अवश्य घ्यावी. तिची बैठक ८०५ मिलिमीटर उंच आहे. आपल्या उंचीला दोन्ही टाचा पूर्ण टेकणार नाहीत, परंतु चवडे भक्कम टेकत असतील तर पुरे.

हे जमले नाही तर रॉयल एनफील्डचीच हंटर ३५० पाहावी. इंजिन तेच, वजन मात्र सुमारे १८१ किलो. चाके १७ इंची असल्यामुळे ती अरुंद जागेत चटकन वळते. याची किंमत खड्ड्यांत मोजावी लागते, कारण लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि क्लासिकचे पुढचे १९ इंची चाक जो खड्डा ओलांडून जाते, त्यात हंटर आपटते. होंडाची हायनेस सीबी ३५० हाही उत्तम पर्याय आहे. वजन तेवढेच १८१ किलो, पुढचे चाक १९ इंची, ३० न्यूटन मीटर टॉर्क तीन हजार फेऱ्यांनाच मिळतो आणि क्लच इतका हलका आहे की लालबागच्या गर्दीतही डावा हात भरून येत नाही. जावा ३५० दिसायला मोहक आहे, पण तिचे ३३४ सीसी इंजिन लिक्विड कूल्ड आहे. रेडिएटर, कूलंट आणि पंखा यांचीही देखभाल करायची आपली तयारी असेल तरच तिचा विचार करावा. आपण साधेपणासाठी ही गाडी घेत आहात, असे मी धरून चालतो.

चाकांचा निर्णय रंगाच्या निर्णयाआधी घ्यावा. स्पोकची चाके डोळ्यांना सुखावतात, पण त्यांच्या टायरमध्ये ट्यूब असते. खिळा लागला की हवा क्षणात जाते आणि चाक उतरवल्याशिवाय पंक्चर निघत नाही. मुरबाडच्या पुढे, संध्याकाळच्या वेळी हा प्रसंग ओढवू नये, म्हणून आपल्याला मी अलॉय चाकांचा आणि ट्यूबलेस टायरचाच आग्रह करीन. क्लासिकच्या गडद रंगांच्या काही प्रकारांत ती मिळतात.

खर्चाचे एवढेच सांगतो, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के झाला. वर उल्लेखलेल्या सर्व गाड्या या रेषेच्या आतल्या आहेत. ऑन-रोड किमतीच्या कागदावर शोरूमने परस्पर लिहिलेल्या ॲक्सेसरीजची प्रत्येक ओळ वाचावी आणि नको ती खोडून घ्यावी. त्या पैशांतून दोन चांगली, आयएसआय शिक्क्याची हेल्मेट येतात. मुंबईत २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे.

प्रश्न : नव्या गाडीचा आवाज जुन्या बुलेटसारखा भरदार नाही. बाजारातला सायलेन्सर बसवून घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बसवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि पोलीस असे सायलेन्सर जप्त करून नष्ट करतात. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचे प्रमाण मूळ सायलेन्सर गृहीत धरून ठरवलेले असते. तो मोकळा केला की इंधनाचे मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, इंजिन अधिक तापू शकते. आणि आपल्या इमारतीत तान्ही मुले आणि आजारी माणसे राहतात, हे कारण माझ्या दृष्टीने कायद्याहूनही मोठे आहे.

प्रश्न : नवी गाडी परवडत नसल्यामुळे २०१६ ची क्लासिक ३५० पाहून ठेवली आहे. मालक सज्जन वाटतात. घेताना काय पाहावे?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : मालक सज्जन असले तरी इंजिन थंड असतानाच पाहायला जायचे, हा नियम मोडू नये. आदल्या दिवशी फोन करून "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असे स्पष्ट सांगावे आणि पोहोचल्यावर प्रथम इंजिनाच्या पंखांना हात लावून पाहावा. थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते, धूर काढते, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, वाजवते. तापल्यावर यातल्या पुष्कळशा तक्रारी झाकल्या जातात. फार वर्षांपूर्वी मी स्वतः गरम करून ठेवलेली एक गाडी अर्ध्या तासात पसंत केली होती आणि पहिल्याच पावसाळ्यात पिस्टन आणि रिंग बदलून घेण्याची वेळ माझ्यावर आली. सुरू झाल्यावर निळा धूर थांबत नसेल तर तेल जळत आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडकले तर हँडलचे बेअरिंग खड्ड्यांनी गेलेले आहे. स्पोक एकेक करून पेनने वाजवावेत. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो.

२०१६ च्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसते, हे मनात पक्के ठेवावे. १२५ सीसीवरील सर्व दुचाकींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. चेंबूरहून रोज पावसात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने जाणार असाल, तर दोन-तीन वर्षे अलीकडची, एबीएस असलेली गाडी मिळेपर्यंत थांबण्याचा मी आपल्याला मनापासून सल्ला देईन.

कागदपत्रांत आर.सी. वरील इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत, थकलेली ई-चलने तपासावीत आणि आर.सी.वर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन हस्तांतराचा अर्ज आपणच करावा. दलालावर सोडलेला कागद अनेकदा वर्षभर पडून राहतो. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे ना, तेही पाहावे.

प्रश्न : आमचे घर वसईत समुद्रापासून जवळ आहे. गाडी दोन वर्षांची, पण क्रोमवर डाग पडले आहेत आणि चेन तांबूस झाली आहे. पावसाळ्यात ती झाकून ठेवतो तरी असे का होते?
– एक वाचक, वसई

उत्तर : झाकून ठेवता, त्यामुळेही होते. ओल्या किंवा गरम गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घातले की आतली वाफ कोंडते आणि खारट हवेतले मीठ त्या ओलाव्यात विरघळून क्रोमखालच्या लोखंडापर्यंत पोहोचते. छपराखाली, वारा खेळत असलेल्या जागी उघडी ठेवलेली गाडी वसईच्या हवेतही अधिक टिकते. आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने धुवावी, मऊ कापडाने कोरडी करावी आणि क्रोम, स्पोकची टोके, स्टँडची स्प्रिंग, नट-बोल्ट यांवर तेलाचे बोट फिरवावे. प्रेशरचे पाणी चाकांच्या बेअरिंगवर किंवा वायरिंगच्या जोडांवर मारू देऊ नये.

चेनला पावसाळ्यात दर तीन-चारशे किलोमीटरला, एरवी पाचशेला तेल हवे. पेट्रोलने ती कधीही धुऊ नये. आजच्या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात आणि पेट्रोलने त्या कडक होऊन आतले ग्रीस निघून जाते. चेन क्लीनर किंवा थोडे रॉकेल कापडावर घेऊन पुसावे, तारेचा ब्रश टाळावा आणि गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना तेल द्यावे, म्हणजे ते आत मुरते. हे काम इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना करण्याची सवय काही गॅरेजांत दिसते. तीत बोट तुटते. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे.

आपण विचारले नाही, पण वसई म्हटल्यावर तुंबलेल्या पाण्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न सोडता एकसारखी चालवत पार व्हावे असे सांगतात. पाण्याखालचा खड्डा दिसत नसल्यामुळे मी मात्र थांबतो. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर सेल्फ अजिबात मारू नये. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. एकाच मोठ्या सिलिंडरच्या इंजिनात सगळा भार त्या एकट्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढावी, प्लग काढून इंजिन फिरवून पाणी जाऊ द्यावे, फिल्टर बदलावा, आणि तेल दुधाळ दिसले तर तेही. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही. इंजिन प्रोटेक्शनचे जादा कलम आपल्या भागात घेण्यासारखे आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची १९९४ ची बुलेट त्यांच्या निधनानंतर सहा वर्षे सोसायटीच्या आवारात उभी आहे. भाऊ म्हणतो, भंगारात द्यावी. मला ती चालू करून स्वतः चालवायची आहे. गिअरची गाडी मला येते. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, भंगारात देऊ नका. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे ते इंजिन १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटच्याच वंशातले आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि हाताने दुरुस्त होते. सुटे भाग आजही मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक शनिवार काढलात तर पुष्कळ काही हाती लागेल.

आधी कागद. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी नमुना ३१ आहे. त्यासोबत मृत्यू दाखला आणि भावाची व इतर वारसांची संमती लागेल. मुदत उलटल्यामुळे दंड भरावा लागेल, तो भरून टाकावा. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपलेली असणार, म्हणून नमुना २५ वर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा अर्ज, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट आणि परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी, असा क्रम राहील. वडिलांच्या नावावर एखादे जुने चलन थकलेले नाही ना, तेही पाहून घ्यावे.

गाडीला किक मारण्याचा मोह आवरावा. सहा वर्षांत इंजिनाचे तेल त्याच्या साठवणीच्या कप्प्यातून क्रँककेसमध्ये उतरलेले असते. ते पूर्ण काढून नवे भरावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन तेल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. पिस्टन मोकळा फिरला तर निम्मी लढाई जिंकलात. पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज धुऊन घ्यावा, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करावेत आणि पेट्रोलच्या नळ्या, टायर, ट्यूब, ब्रेकची केबल हे सगळे न पाहता बदलावे. रबर उभ्या उभ्याच मरते. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ते पाणी ओढून घेते, म्हणून नव्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात आणि पुढे गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये. मिश्रण किंचित पातळ होत असल्यामुळे एक अंक मोठा मेन जेट लागण्याची शक्यता आहे. प्लगचा रंग पांढरट दिसू लागला तर मिस्त्रींना तसे सांगावे.

मिस्त्री निवडताना त्यांना एकच विचारा, "टॅपेटला गॅप किती ठेवणार?" या इंजिनात, ते पूर्ण थंड असताना, गॅप जवळजवळ शून्य ठेवतात, पुशरॉड बोटांनी फिरवता आला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे न अडखळता सांगणाऱ्या माणसाच्या हाती वडिलांची गाडी निर्धास्त द्यावी. असे बहुतेक जण आता साठीच्या पुढचे आहेत.

किकची रीत वडिलांना पाहून आपल्या लक्षात असेल, तरी लिहितो. चावी लावून किक हळूच दाबत अँपिअरच्या काट्याकडे पाहावे. काटा डावीकडे झुकलेला असतो. तो मध्यावर आला की ठिणगीचे पॉइंट उघडले आणि पिस्टन शिखराजवळ पोहोचला असे समजावे. तेथे डिकॉम्प्रेशरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, छोटा लीव्हर दाबून किक आणखी किंचित पुढे न्यावी, लीव्हर सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि मग पायाचा सगळा भार देत, ॲक्सिलरेटरला हात न लावता, एकच सलग किक मारावी. यात ताकदीपेक्षा काट्याची वाट पाहणे महत्त्वाचे असते. वाट न पाहता मारलेली किक उलट फिरून घोट्याला इजा करते.

एक धोका मात्र गंभीर आहे. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. पहिला गिअर वर उचलून पडतो आणि पुढचे खाली दाबून. आपल्या पायांना उलटी सवय असल्यामुळे अडचणीच्या क्षणी ब्रेक समजून आपण गिअर दाबाल. यासाठी पहिले पंधरा दिवस गाडी फक्त सोसायटीच्या आवारात, सकाळी रहदारी नसताना चालवावी. कोणाला तरी अचानक "थांब" म्हणायला सांगावे आणि विचार न करता डावा पाय खाली जाऊ लागेपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर गाडी काढू नये. ती सुरू झाली की आम्हाला अवश्य कळवा.